डावा का उजवा

शिडीच्या उजव्या मांडीचा घेर सत्तेचाळीस पूर्णांक आठ सेंटीमीटर भरला आणि डावीचा पन्नास पूर्णांक तीन. आत्याने टेप सोडली, गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटीमीटरवर पेनाने केलेल्या खुणेशी पुन्हा नेली आणि तिसऱ्यांदा वाचली. आकडा तोच आला. फरक अडीच. गेल्या रविवारी तो दोन पूर्णांक एक होता.

आत्या कुठलाही आकडा तीनदा वाचल्याशिवाय वहीत लिहीत नसे. वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं काढल्यावर ती सवय हाडात मुरली होती. म्हणूनच तिचा मोठा भाऊ तिला ‘मोजपट्टी’ म्हणायचा.

“किती?” शिडीने विचारलं. ती पलंगावर पाय पसरून बसली होती आणि पलंग नेहमीसारखाच तिला वीतभर कमी पडत होता. सतराव्या वर्षी दाराच्या चौकटीला डोकं आपटलं तेव्हापासून घरात तिला शिडीच म्हणत.

“अडीच.”

“वाढलं की कमी झालं?”

“पाय कमी झाला. फरक वाढला.”

“आत्या, तू वाईट बातमीसुद्धा व्याकरण सांभाळून देतेस.”

आत्याने टेप गुंडाळली. हसू आलं नाही. अकरा आठवडे ती हे मोजत होती आणि दर रविवारी एक स्नायू, ज्याला घडवायला शिडीच्या अठ्ठावीस वर्षांपैकी सोळा लागली होती, चिमूट चिमूट नाहीसा होत होता. या हंगामातल्या एका सामन्यात, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, शिडीने बास्केटखाली उडी मारून चेंडू पकडला, खाली येताना उजवा पाय दुसरीच्या बुटावर पडला आणि गुडघा आत वळला. चारशे माणसांनी ते पाहिलं. क्लबच्या डॉक्टरने आत नेऊन इंजेक्शन दिलं आणि सहा मिनिटांनी पोरगी पुन्हा कोर्टवर होती. मग आणखी सहा सामने, आणखी सहा इंजेक्शनं. शेवटी ज्या दिवशी गुडघ्याचा एमआरआय काढला त्या दिवशी कळलं की आत लिगामेंट म्हणून जोडायला काही उरलेलंच नाही.

“मग? काय ठरवलंस?” आत्याने विचारलं.

“बघू,” शिडी म्हणाली.

हे ‘बघू’ही अकरा आठवडे चाललं होतं. ऑपरेशन कधी? बघू. परत खेळणार का? बघू. जेवायला येतेस का, यालाही एकदा तिने बघूच म्हटलं होतं.

बाहेरच्या खोलीतून धाकट्याचा आवाज आला. “आलात का सगळे? मला दोनला परत जायचंय.”

धाकटा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. तो क्लबच्या कचेरीत व्यवस्थापक होता आणि रविवारीसुद्धा क्लबचं निळं जाकीट घालूनच यायचा. टेबलाच्या एका टोकाला तो बसला होता, समोर एक पुठ्ठ्याची फाइल. दुसऱ्या टोकाला शिडीचे बाबा. त्यांना गावात कोणी नावाने हाक मारत नसे. एके काळी ते याच क्लबच्या पुरुष संघाचे कप्तान होते आणि त्यांचा सात नंबरचा शर्ट अजून स्टेडियमच्या छताला टांगलेला होता. रस्त्यावरचा भाजीवालाही त्यांना ‘कॅप्टन’ म्हणे. खिडकीजवळच्या खुर्चीत आजोबा होते, वय त्र्याऐंशी, कानामागे सुताराची चपटी पेन्सिल. स्टेडियमची लाकडी जमीन त्यांच्या हातची. काम सोडून वीस वर्षं झाली तरी पेन्सिल सुटली नव्हती. ऐकू मात्र कमी येत होतं.

वहिनी, म्हणजे शिडीची आई, स्वयंपाकघरातून चहाचे कप घेऊन आल्या आणि ठेवता ठेवताच धाकट्यासमोरचा कागद त्यांनी उलटा वाचला. छापखान्यात मुद्रितं तपासणाऱ्या बाईला कागद कुठल्या बाजूने समोर आहे याने फरक पडत नाही.

“हे काय आहे भाऊजी?”

“निवेदन आहे, वहिनी. साधं आहे. उद्या सकाळी दहापर्यंत शिडीची सही हवी. सही झाली की हंगामाच्या शेवटच्या सामन्यात तिचा निरोप. पाच मिनिटं कोर्टवर उभी राहील, कोणी तिच्या अंगावर जाणार नाही, तसं समोरच्या संघाशी बोलणं झालंय. मग शर्ट वर चढवायचा. हे बघा.” त्याने फाइलमधून एक चित्र काढलं. स्टेडियमचं छत, त्याखाली दोन शर्ट शेजारी शेजारी. सात आणि चौदा.

कॅप्टनने चित्र हातात घेतलं. चष्मा शोधला, सापडला नाही, मग चित्रच लांब धरलं. आत्याने पाहिलं, त्यांचा अंगठा चौदाच्या आकड्यावरून एकदा हळूच फिरला.

“बाप-लेक,” ते म्हणाले. “इतक्या वर्षांत असं कुठल्याच क्लबमध्ये झालेलं नाही.”

“तेच म्हणतोय मी, दादा.”

वहिनींनी कागद ओढून घेतला, केसांत खोचलेली लाल पेन्सिल काढली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. “‘सदर दुखापत ही खेळाडूच्या बालपणापासूनची असून क्लबच्या कोणत्याही सामन्यात उद्भवलेली नाही. खेळाडूच्या विनंतीवरून वेळोवेळी वेदनाशामक उपचार देण्यात आले. संभाव्य धोक्यांची कल्पना देण्यात आली. खेळ चालू ठेवण्यास अनुमती देण्यात आली.’” त्यांनी तीन ठिकाणी लाल रेघ मारली. “देण्यात आले, देण्यात आली, देण्यात आली. कोणी दिलं? अख्ख्या कागदाला कर्ताच नाही! इंजेक्शन काय आपल्या पायाने चालत आलं का माझ्या पोरीच्या गुडघ्यापर्यंत?”

“वहिनी, कायद्याची भाषा अशीच असते.”

“मला नका शिकवू भाषा. तीस वर्षं तेच निस्तरतेय मी.”

“एवढंच वाचा की, बालपणापासूनची. ते तर खरंच आहे ना?” धाकट्याने फाइलमधून क्लबची जाड गुळगुळीत स्मरणिका काढली. दोन वर्षांपूर्वी क्लबला पन्नास वर्षं झाली तेव्हाची. त्याने खूण केलेलं पान उघडलं. “दादाची मुलाखत. ‘माझी मुलगी बारा वर्षांची असताना कलिंगडाएवढा सुजलेला गुडघा घेऊन अंतिम सामना खेळली आणि जिंकली.’ छापून आलंय. क्लबच्या वकिलाने हेच लावलंय. आणि वहिनी, रागावू नका, पण ही गोष्ट या घरात कोणी सांगितली नाही? तुम्हीसुद्धा सांगितलीय. माझ्या लग्नात सांगितलीय.”

ते खरं होतं. ती गोष्ट घरातल्या भांड्यांसारखी झाली होती, कोणीही उचलावी, कोणालाही वाढावी. नवी सून आली की सांगायची, पाहुणे आले की सांगायची, एखादं मूल खरचटलं म्हणून रडलं की हमखास सांगायची.

दहा ग्रॅम कमी भरणारं वजन सापडलं तर आत्या दुकानदाराचा काटा सील करून येत असे, आणि तो कितीही म्हणाला की हा पहिल्यापासून असाच आहे, तरी ऐकत नसे. इथे तिच्या डोळ्यांसमोर एक पाय अडीच सेंटीमीटरने कमी भरत होता आणि तिचा सख्खा भाऊ कागद घेऊन आला होता की हा पहिल्यापासून असाच होता.

“सही केली नाही तर?” तिने विचारलं.

“तर ताई, निरोप नाही. शर्ट नाही. ऑपरेशनचा खर्च तसाही तिचाच. खेळाडूंच्या संघटनेकडे तक्रार करता येईल, पण तिथे ही स्मरणिका पुढे येणार. सख्खा बाप सांगतोय म्हटल्यावर कोण ऐकणार?”

“म्हणजे सही केली तरी काखा वर आणि नाही केली तरी काखा वर,” वहिनी म्हणाल्या. “आणि तुम्ही त्यांचं जाकीट घालून माझ्या घरात चहा पिताय.”

“मी मधल्या मध्ये मरतोय, वहिनी! निरोपाचा सामना कसाबसा मिळवला मी. ते तर नुसतं पत्र पाठवणार होते.”

“उपकार झाले.”

“पुरे,” कॅप्टन म्हणाले. चित्र त्यांनी खाली ठेवलं नव्हतं. “शिडी, तुझं काय म्हणणं आहे?”

शिडी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, सगळा भार डाव्या पायावर. “बघू,” ती म्हणाली.

“बघू काय बघू? पोरी, लोक आयुष्यभर खेळतात आणि कोणाला त्यांचा नंबरही आठवत नाही. लोकांना काय लक्षात राहतं? गोष्ट! तू त्या दिवशी खेळलीस ना, गुडघा असा झाला होता,” त्यांनी हातांनी कलिंगड दाखवलं, “मी म्हटलं बस, तू म्हणालीस नाही बाबा, आणि याच गुडघ्यावर,” त्यांनी आपल्या गुडघ्यावर थाड्कन हात मारला, “याच गुडघ्यावर उडी मारून शेवटची बास्केट केलीस. ते खोटं आहे का?”

आजोबा खिडकीतून वळले. एवढा वेळ त्यांना काय ऐकू आलं होतं देव जाणे, पण थाड् मात्र ऐकू आलं होतं.

“डावा का उजवा?” त्यांनी विचारलं.

“काय?”

“गुडघा रे. डावा का उजवा?” दार बसवायला बोलावलं की सुतार पहिला प्रश्न हाच विचारतो, डावं का उजवं. आजोबांनी उभ्या आयुष्यात तो हजारदा विचारला होता. “तू डाव्यावर हात मारतोस. दरवेळी डाव्यावरच मारतोस. पोरगी लंगडते उजव्याने. मला ऐकू येत नाही, दिसतं.”

कॅप्टनने गुडघ्यावरचा हात उचलला.

आत्याला इतक्या वर्षांतले सगळे प्रसंग एका ओळीत दिसले. लग्नाचा मांडव, वाढदिवस, स्टेडियमबाहेरचा कट्टा. दरवेळी तोच हात, तोच डावा गुडघा. मोजणं हा जिचा धंदा, तिने एवढी साधी नोंद घेतली नव्हती. आणि दुसरी एक नोंद जी घेतली होती, ती दाबून ठेवली होती. ती उठली, पर्स उघडली आणि तिची काळ्या पुठ्ठ्याची वही काढली. शिडीच्या जन्मापासून तिची उंची आणि वजन त्या वहीत होतं. घरात त्यावरून थट्टा व्हायची.

“बारावं वर्ष,” तिने वाचलं. “‘उंची एकशे एकसष्ट. शालेय अंतिम सामना, जिंकली. डाव्या हाताची करंगळी मुरगळली, चिकटपट्टी लावून खेळली.’ एवढंच आहे. गुडघ्याचं काही नाही. मी तिथे होते. गुडघे ठणठणीत होते.”

“करंगळी?” धाकटा म्हणाला.

“करंगळी. पुढच्या वर्षी दादाने सांगितलं तेव्हा मनगट झालं होतं. मग घोटा. गुडघा झाला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.”

शिडी चौकटीपासून सरळ झाली. “पण मला आठवतं, आत्या. सूज आठवते. गरम लागायचं हाताला.”

“तुला सांगितलेलं आठवतं, बाळा.”

“आणि तू?” कॅप्टनचा चेहरा लाल झाला होता. “सोळा वर्षं मूग गिळून बसलीस, मोजपट्टी? आणि आज वही काढतेस? भावाला खोटा पाडायला?”

“हो, बसले. चांगली गोष्ट होती. सगळे हसायचे, टाळ्या वाजवायचे. मला वाटलं करंगळीचा गुडघा झाला तर कोणाचं काय बिघडतंय. माझी चूक झाली, दादा. प्रयोगशाळेत अशी चूक केली असती तर मला घरी बसवलं असतं.” तिने टेप काढली. “आता ट्रॅकपँट वर कर.”

“काय?”

“दोन्ही पाय. मांडीपर्यंत.”

“वेडबिड लागलंय का तुला? सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोरच तर सांगत आलास.”

“मी असलं काही करणार नाही.”

“बाबा,” शिडी म्हणाली. तेवढंच.

कॅप्टनने वहिनींकडे पाहिलं. वहिनी त्यांच्याकडे बघत नव्हत्या, टेबलाच्या कडेकडे बघत होत्या. आत्याला तेव्हा कळलं की वहिनींना हे ठाऊक आहे. पस्तीस वर्षांच्या संसारात माणसाचे पाय बायकोला दिसतातच. कॅप्टनने वाकून ट्रॅकपँट वर सरकवली. पुष्कळ वर्षांत कोणी त्यांना अर्ध्या चड्डीत पाहिलं नव्हतं आणि का, हे कोणी विचारलं नव्हतं.

आत्या जमिनीवर बसली. पेनाने दोन खुणा केल्या. तीनदा मोजलं.

“उजवी पंचेचाळीस पूर्णांक दोन. डावी एक्केचाळीस.” ती थांबली. “चार पूर्णांक दोनचा फरक आहे, दादा. हा वयाचा नाही.”

कॅप्टन बराच वेळ स्वतःच्या पायाकडे बघत राहिले, जणू तो टेबलाखाली कोणीतरी विसरून गेला होता.

“हिचा जन्म व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट,” ते शेवटी म्हणाले. “उपांत्य सामन्यात वळला. डॉक्टरने सुई मारली. तीन दिवसांनी अंतिम सामना, पुन्हा सुई. कलिंगडाएवढा झाला होता, ते खोटं नाही. खेळलो. हरलो आपण, अकरा गुणांनी. नंतर मॅनेजर म्हणाला, जुनंच दुखणं होतं असं लिहून दे, उगाच बभ्रा नको. तुझा शर्ट वर लावू.”

“आणि तू दिलंस लिहून,” आत्या म्हणाली.

“दिलं. वर्षभराने शर्ट लागला. लोक उभे राहिले. मी वर बघितलं आणि मला वाटलं, ठीक आहे, पाय गेला पण नाव राहिलं.” त्यांनी पँट खाली ओढली. “ती हार कोणाला सांगणार? आणि ही पोरगी बोटाला पट्टी लावून खेळली आणि जिंकली. मग मी... हिच्या गोष्टीत आपण जिंकायचो. म्हणून माझा गुडघा हिला दिला.”

“दिलात खरा,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता आणि त्यामुळेच तो झोंबत होता. “सात वेळा सुई घेऊन ही घरी आली. मी म्हटलं, नको खेळूस. हिने मला काय उत्तर दिलं माहीत आहे? ‘आई, मी बाराव्या वर्षी खेळले होते, आता तर मोठी आहे.’ ज्या गोष्टीच्या जिवावर ही उभी राहिली, ती तुमची थाप होती. मी तुमचा पाय रोज बघत होते आणि गोष्टीत दुसराच ऐकत होते, आणि मीही गप्प बसले. माझंही नाव लिहा त्या कागदावर. कुठेतरी एक तरी कर्ता असू दे.”

आजोबांनी धाकट्याला खुणेने विचारलं, काय चाललंय. धाकट्याने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, बऱ्याच मोठ्याने. “दादाचा गुडघा होता! क्लबने तेव्हाही असंच लिहून घेतलं!”

“तेव्हाही?” आजोबांनी कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत ठेवली. “आणि त्यांच्या फळ्या मी तीनदा तासून दिल्या.” मग धाकट्याच्या जाकिटाकडे बोट करून म्हणाले, “तुला तिथे कधी लावलं रे कामाला?”

धाकटा सावकाश सरळ झाला. “त्याच वर्षी.” तो कॅप्टनकडे वळला. “दादा, ते पण त्यातच होतं का?”

कॅप्टनने मान खाली घातली.

धाकट्याने दोन शर्टांचं चित्र उचलून फाइलमध्ये घातलं. स्मरणिका मिटली. जाकिटाची चेन त्याने गळ्यापर्यंत होती ती छातीपर्यंत खाली घेतली, उकडत असल्यासारखं. “मला उद्या दहाला तिथे उभं राहायचंय,” तो म्हणाला. “मी काय सांगू?”

“माझ्याकडून सांग,” कॅप्टन म्हणाले, “की संघटनेची चौकशी बसली तर मी येईन. मुलाखतीतला गुडघा माझा होता, डावा, असं सांगेन. मोजायचा असेल तर मोजू देईन.”

“त्यांनी तुझा शर्ट उतरवला तर?”

“उतरवू देत. नाहीतरी मापाचा नव्हताच तो.” कोणी हसलं नाही, पण आत्याला वाटलं, दादा पुष्कळ वर्षांनी स्वतःबद्दल खरं बोलला.

“ते तुझं झालं. पण सही दादाची नकोय त्यांना.” धाकटा शिडीकडे वळला. त्याच्या आवाजात आता कचेरी नव्हती, नुसता काका होता. “बाळा, मी जाऊन त्यांना काय सांगू? ‘बघू’ म्हणाली, असं सांगू?”

शिडी टेबलापाशी आली. तीन पावलं. आत्याने सवयीने मोजली, उजवं आखूड, डावं लांब, उजवं आखूड. शिडीने आईच्या हातातली लाल पेन्सिल घेतली आणि निवेदन आपल्याकडे ओढलं. सहीच्या रिकाम्या जागेवर पेन्सिलचं टोक टेकवलं. पण तिने सही केली नाही. तीन लाल रेघांशेजारी समासात तिने तीन वेळा लिहिलं: कोणी?

“हे तसंच परत दे, काका. सांग, हे प्रश्न मी संघटनेपुढे विचारणार आहे. सुई कोणी मारली ते मला माहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून मारली तेही माहीत आहे, मी तिथेच पडून ऐकत होते. नावं घेऊन सांगेन.”

“आणि खेळण्याचं? ऑपरेशननंतर परत...” धाकट्याने वाक्य अर्धवट सोडलं. कॅप्टन मान खाली घालून बसले होते, पण त्यांचे कान तिच्याकडे होते. सगळ्यांचेच होते. आजोबांनीसुद्धा हात कानामागे धरला होता.

शिडीने पेन्सिल आईच्या केसांत होती तशी परत खोचली.

“त्यांना छापू देऊ नकोस हं काका, की तिला निरोप देण्यात आला, की तिचा खेळ थांबवण्यात आला.” मग ती आजोबांकडे वळली आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, “मी थांबवलाय. मी आता खेळणार नाही.”